मुलाच्या नावाचे पुस्तक

आपल्या घरांतून एक जुनी रीत चालत आली आहे. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याची 'बिस्मिल्लाह' होते. नवे कपडे घालून मुलाला बसवतात. समोर मौलवीसाहेब किंवा घरातले एखादे वडीलधारे असतात आणि मुलाच्या पुढ्यात पाटी किंवा कायदा असतो. 'इक़रा' या शब्दाने सुरू होणारी आयत मूल बोबड्या उच्चारात म्हणते, मिठाई वाटली जाते आणि मुलाच्या शिक्षणाला सुरुवात होते. आज प्रत्येक घरात हा समारंभ त्याच थाटाने होतो असे नाही. पण त्यातली एक गोष्ट मात्र टिकून आहे. गरिबातल्या गरीब घरातले मूलसुद्धा मकतबात स्वतःचा कायदा घेऊन जाते. दादी किंवा नानी जुन्या कापडाचा जुजदान शिवून देते, आतल्या पानावर मुलाचे नाव लिहिलेले असते आणि कायदा ठेवायची जागा उंच कोनाड्यात ठरलेली असते. थोरल्याचा सदरा धाकट्याला होतो, चपलाही होतात. पण कायदा ज्याचा त्याला. तो वापरून झिजला तर अब्बा कुरकुर न करता नवा आणून देतात.

मी नाशिक जिल्ह्यातल्या ओझर येथे राहते आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवते. दरवर्षी नव्या वर्गाला मी एक साधा प्रश्न विचारते, "तुमचे स्वतःचे पुस्तक कोणते?" बहुतेक मुले कायद्याचे किंवा सिपाऱ्याचे नाव घेतात. त्यानंतर शाळेचे पुस्तक येते. गोष्टीचे पुस्तक, चित्रांचे पुस्तक, आपल्या नावाचे आणि आपल्या मर्जीने उघडायचे पुस्तक सांगणारी मुले फार थोडी असतात. ज्या समाजाने मुलाचे पहिले पुस्तक त्याचे स्वतःचे असावे हे इतक्या आधी ओळखले, त्या समाजात दुसरे पुस्तक मुलाच्या हाती का आले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे इतिहासात जावे लागते, आणि तो इतिहास उर्दू आणि मराठी अशा आपल्या दोन्ही भाषांचा आहे.

सरकारचे पुस्तक

आपल्याकडे मुलांसाठी छापील पुस्तके तयार होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मुंबईत १८२२ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या आश्रयाने शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिचे काम पाहणाऱ्या सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये 'इसापनीतिकथा' मराठीत आणली. कोल्हा, द्राक्षे, सिंह आणि उंदीर मराठी अक्षरांत मुलांसमोर आले. परंतु ही पुस्तके शाळेची होती. मुलाने ती मास्तरांसमोर वाचायची, तात्पर्य पाठ करायचे आणि पुढच्या पुस्तकाकडे वळायचे. एखादे पुस्तक मुलाच्या घरी राहायला गेलेच तर ते बक्षीस म्हणून जाई, आणि बक्षीस मिळे ते हुशार मुलाला. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्याकडे पुस्तक जाण्याचा रस्ताच नव्हता. हा उलटा हिशेब आजही अनेक शाळांच्या बक्षीस समारंभात दिसतो. पहिल्या तीन मुलांना पुस्तके मिळतात आणि उरलेली मुले टाळ्या वाजवतात.

उर्दूची वाट थोडी वेगळी होती. नस्तालीक लिपीचे वळण शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नव्हते. त्यामुळे उर्दू पुस्तके शिळाप्रेसवर छापली जात. कातिब विशिष्ट शाईने कागदावर मजकूर लिही, तो दगडावर उतरवला जाई आणि मग प्रती निघत. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला आणि याच पद्धतीने उर्दू, फारसी, अरबी पुस्तके सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. घराघरांत पुस्तके आली, पण ती मोठ्यांची. किस्से, दास्ताने, धर्मग्रंथ, दिवाण असे सारे काही आले. मुलांनी त्यातूनच काय ते उचलायचे, अशी समजूत होती.

एका बापाने लिहिलेली पुस्तके

ही समजूत ज्यांना बोचली त्यांत डेप्युटी नझीर अहमद यांचे नाव आधी घ्यावे लागेल. उत्तर हिंदुस्थानात सरकारी नोकरीवर असलेल्या या गृहस्थांना आपल्या मुलींना आणि मुलाला घरी वाचायला द्यायचे होते. बाजारात शोधून मनासारखे पुस्तक मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. थोरल्या मुलीसाठी एक, धाकटीसाठी दुसरे आणि मुलगा बशीर याच्यासाठी तिसरे. रोज काही पाने लिहून मुलांच्या हाती द्यायची. मुले ती संपवून पुढच्या पानांसाठी मागे लागत. छापण्याचा विचार त्या वेळी नव्हता. प्रत्येक मुलाचे पुस्तक वेगळे आणि त्याचे स्वतःचे होते.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. त्या प्रांताचे शिक्षण संचालक केम्पसन दौऱ्यावर आले असता त्यांची छोट्या बशीरशी गाठ पडली. काय वाचतोस, असे साहेबांनी विचारल्यावर बशीरने आपल्या पुस्तकाचे नाव सांगितले आणि ते आणून दाखवले. बहिणींचीही पुस्तके आहेत हे सांगायला तो विसरला नाही. त्या वह्यांपैकी एक होती 'मिरातुल उरूस'. ती १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारने तिला एक हजार रुपयांचे इनाम दिले आणि दोन हजार प्रती विकत घेतल्या. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख आपण परीक्षेत लिहितो, ती मुळात एका बापाने मुलीला दिलेले घरगुती पुस्तक होती. बशीरने साहेबांपुढे पुस्तक आणले ते कुणी सांगितले म्हणून नव्हे. ते त्याचे होते आणि दाखवावेसे वाटत होते, म्हणून त्याने आणले.

याच नझीर अहमदांच्या लेखनात दुसरी बाजूही आहे. १८७४ च्या 'तौबतुन नसूह' या कादंबरीत पश्चात्ताप झालेला बाप आपल्या थोरल्या मुलाचा, कलीमचा, ग्रंथसंग्रह जाळून टाकतो. ती पुस्तके मुलाने आपल्या आवडीने जमवलेली होती आणि बापाच्या नजरेत ती बिघडवणारी होती. ज्या लेखकाने मुलांना त्यांची पुस्तके दिली त्याच लेखकाने हे दृश्य लिहावे, याचा विचार करण्यासारखा आहे. मुलाला पुस्तक द्यायचे म्हणजे त्याला स्वतःची आवड द्यायची, आणि मोठ्यांना भीती वाटते ती त्या आवडीची. आजही आपल्या घरांत 'अभ्यास सोडून कहाण्या काय वाचतोस' हे वाक्य ऐकू येते. त्या वाक्यात नसूहची काडी थोडी तरी पेटलेली असते.

डाकेने आलेले नाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांच्या नियतकालिकांनी चित्र बदलले. मराठीत १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक सुरू केले. लाहोरहून १९०९ मध्ये मौलवी मुमताज अली यांनी 'फूल' हे मुलांचे साप्ताहिक काढले. त्याच्या पहिल्या संपादक एक तरुण बाई होत्या. पुढे नज़र सज्जाद हैदर या नावाने त्या कादंबरीकार म्हणून ओळखल्या गेल्या. कुर्रतुल ऐन हैदर या त्यांच्या कन्या. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियातून १९२६ पासून 'पयामे तालीम' निघू लागले आणि तेही पुढे मुलांचे आवडते मासिक झाले. फाळणीनंतर, उर्दूच्या भवितव्याविषयी सगळीकडे शंका असताना, १९४८ मध्ये दिल्लीच्या 'शमा' प्रकाशनाने 'खिलौना' सुरू केले. ऐंशीच्या दशकात बंद पडेपर्यंत 'खिलौना'ने उर्दू वाचणाऱ्या दोन पिढ्या वाढवल्या. आज साठी ओलांडलेल्या उर्दू वाचकांसमोर हे नाव काढून पाहा, त्यांचा चेहरा खुलतो.

या मासिकांत काय छापले जाई यावर बरेच लिहिले गेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे घरी येणे. वर्गणी मुलाच्या नावाने भरली जाई. पोस्टमन दारात उभा राहून मुलाचे नाव पुकारी. ज्या वयात मुलाला कुणी पत्र लिहीत नाही, त्या वयात त्याच्या नावाचा कागद दिल्लीहून येई. त्या घडीला ते मूल घरातल्या मोठ्यांच्या बरोबरीचे होई. वाचलेले अंक फेकले जात नसत. ते खाटेखालच्या पेटीत जमत, पुन्हा पुन्हा वाचले जात, शेजारच्या मुलांना अटी घालून दिले जात.

डॉ. झाकिर हुसेन यांचा इथे उल्लेख करायलाच हवा. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर नई तालीमची योजना आखणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, आणि पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. एवढ्या मोठ्या माणसाने मुलांसाठी कहाण्या लिहिल्या. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. या कहाण्या त्यांनी आपल्या मुलीच्या, रुकय्या रेहाना हिच्या, नावाने प्रसिद्ध केल्या. नझीर अहमदांप्रमाणे इथेही एक बाप आहे आणि पुस्तकावर मुलीचे नाव आहे.

नाशिकच्या तुरुंगातून

आता मराठीकडे, आणि आपल्या जिल्ह्याकडे. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ ते १३ या पाच दिवसांत, साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहून काढली. १९३५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्याआधी गुरुजी खानदेशात अमळनेरला शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय' नावाचे दैनिक लिहीत. मुले सकाळी उठत तेव्हा ताजा अंक तयार असे. पगारदार शिक्षकाने रात्री जागून मुलांसाठी रोज एक नवे वाचन तयार करायचे, हे मला त्यांच्या कोणत्याही ग्रंथाइतकेच मोठे वाटते. मुलांना जे सकाळी मिळे ते अभ्यासक्रमातले नव्हते. ते त्यांच्यासाठी, त्या वसतिगृहासाठी आणि त्या दिवसासाठी लिहिलेले असे.

गुरुजींनी स्थापन केलेल्या 'साधना'ने २००८ पासून बालकुमारांसाठी स्वतंत्र दिवाळी अंक सुरू केला. किंमत मुद्दाम कमी ठेवली, आणि शाळांनी व दात्यांनी गठ्ठ्याने घेऊन मुलांना वाटावा अशी योजना केली. हा अंक लाखांच्या संख्येने महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती गेला. दिवाळीत फटाक्यांच्या जोडीने मुलाला अंक मिळावा, ही त्यामागची साधी गोष्ट. अशी एखादी परंपरा ईदेच्या सणाला का जोडली गेली नाही, हा प्रश्न आपण आपल्याला विचारला पाहिजे.

मोफत पुस्तक आणि आपले पुस्तक

महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांचे काम २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीकडे आले. मराठीबरोबर उर्दूतही पुस्तके निघू लागली आणि खेडोपाडीच्या मुलाला छापील, सचित्र, स्वस्त पुस्तक मिळाले. नोव्हेंबर १९७१ पासून बालभारतीने 'किशोर' हे मासिकही चालवले. सर्व शिक्षा अभियानानंतर पहिली ते आठवीच्या मुलांना पुस्तके मोफत मिळू लागली. ज्या घरात जूनमध्ये पुस्तकांच्या खर्चासाठी उसनवारी होई, त्या घरांना याचे मोल कळते. त्याबद्दल सरकारचे आभारच मानले पाहिजेत.

पण मोफत पुस्तक आणि आपले पुस्तक यांत फरक आहे. पाठ्यपुस्तक वर्ष संपले की परत गोळा करून पुढच्या मुलांना द्यायची पद्धत अनेक शाळांत आहे. कागद वाचतो, झाडे वाचतात, हे खरेच आहे. मात्र त्यासाठी मुलाला वर्षभर सांगावे लागते की यात लिहू नकोस, चित्र रंगवू नकोस, पान दुमडू नकोस. राज्यात २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने जोडण्याचा प्रयोग झाला. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा त्याचा हेतू होता. तो पुढे मागे घेण्यात आला. त्या काळात पुस्तकात पेन्सिलीने लिहायची परवानगी मिळालेली मुले पुस्तक वेगळ्या जवळिकीने हाताळत, हे वर्गात उभे राहिलेल्या कोणत्याही शिक्षकाने पाहिले असेल. ती पाने गेली, पण धडा घेण्यासारखा होता.

वाचनालयाचेही तसेच आहे. नाशिकला वाचनालयांची मोठी परंपरा आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात, ठरावीक काळाने बदलतात आणि देणगीदार वाढदिवसाच्या खर्चातून नवी पेटी देतात. ही पेटी नाशिकहून निघून परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेली. मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, जानेवारी २०२१ पासून मरियम मिर्झा या शाळकरी मुलीच्या नावाने मोहल्ला बाल वाचनालये उघडली. कोरोनामुळे शाळा बंद होत्या, मुले गल्लीत होती, आणि पुस्तके गल्लीत आली. हे काम अनमोल आहे. वाचनालय मुलाला शंभर पुस्तके दाखवते. पण ज्या घरात एकही पुस्तक नाही, तिथले मूल वाचनालयातून पुस्तक आणायलाही बिचकते. फाटले तर, हरवले तर, धाकट्याने त्यावर चहा सांडला तर? म्हणून अम्मी म्हणते, शाळेतच वाच, घरी आणू नकोस. एखादे पुस्तक आपले असले की मुलाचा हात मोकळा होतो, आणि मग ते वाचनालयाचे पुस्तकही धीटपणे उचलते.

उर्दूच्या मुलाची जास्तीची गरज

इथे उर्दू माध्यमाच्या मुलाची एक अडचण सांगते, जी इतर माध्यमांच्या शिक्षकांच्या सहज लक्षात येत नाही. मराठीत काना, मात्रा, वेलांटी कायम असतात. उर्दूत ज़ेर, ज़बर, पेश या खुणा सुरुवातीच्या पुस्तकांत असतात आणि पुढे गळून पडतात. अक्षरेही शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे रूप घेतात. 'बे' हे अक्षर एकटे असले की नावेसारखे दिसते. शब्दाच्या सुरुवातीला त्याचा एक दात तेवढा उरतो आणि खाली नुक्ता. म्हणजे उर्दू वाचणाऱ्या मुलाला अक्षराला अक्षर जोडून फार पुढे जाता येत नाही. शब्द पुन्हा पुन्हा भेटून त्याचा चेहराच ओळखीचा व्हावा लागतो.

कायदा वाचणारे मूल याच ठिकाणी अडते. कायद्यात आणि कुरआन शरीफच्या मजकुरावर सर्व खुणा असतात, म्हणून ते मूल अरबी खडाखडा म्हणते. तेच मूल उर्दूचे वर्तमानपत्र समोर ठेवले की थांबते. घरच्यांना वाटते, याला तर वाचता येते, मग शाळेत का येत नाही? कारण सोपे आहे. खुणा नसलेला शब्द ओळखायला तो शंभर वेळा भेटलेला असावा लागतो, आणि पाठ्यपुस्तकात तो दोनदा भेटतो. उरलेल्या अठ्ठ्याण्णव भेटी गोष्टीच्या पुस्तकातच होऊ शकतात. मूल आवडती गोष्ट पन्नास वेळा वाचते. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, मुलाला येत नाही. गोष्ट पाठ झाली की पाठ असलेला शब्द आणि छापलेला शब्द यांची गाठ पडते. हे काम पंधरा दिवसांत परत करायच्या पुस्तकाने होणे कठीण. त्यासाठी पुस्तक उशाशी हवे.

आमच्या मुलांना उर्दूइतकीच मराठीही हवी. रस्त्यावरची पाटी, दवाखान्याचा कागद, बँकेची पावती, तालुक्याच्या कचेरीतला अर्ज हे सारे मराठीत आहे. उर्दू शाळेतले मूल मराठी एक विषय म्हणून शिकते आणि गुणांपुरते शिकते. त्याच्या हाती एखादे मराठी गोष्टीचे पुस्तक दिले तर ती भाषा त्याला परीक्षेबाहेर भेटते. म्हणून मला वाटते, प्रत्येक मुलाच्या फळीवर किमान दोन पुस्तके असावीत, एक उर्दू आणि एक मराठी. दोन्ही त्याच्या नावाची.

दूरच्या देशांतून

मुलांना पुस्तक द्यावे, परत घेऊ नये, हा विचार इतर देशांतही गरिबांच्या वस्तीतूनच वर आला. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या शाळांत मुलांना वाचायला शिकवणाऱ्या मार्गारेट मॅक्नमारा यांनी एकदा मुलांना पुस्तके निवडून ठेवून घ्यायला सांगितले. स्वतःच्या मालकीचे पुस्तक मुलांनी आधी पाहिलेच नव्हते. त्यांचा आनंद पाहून बाईंनी १९६६ मध्ये देशभर पुस्तके वाटणारी संस्था उभारली. इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅम शहरात तीनशे तान्ह्या मुलांना पुस्तके देऊन अशीच एक योजना सुरू झाली. बिस्मिल्लाहच्या चार वर्षांचीही त्यांनी वाट पाहिली नाही.

याचा फायदा होतो का, हेही तपासले गेले आहे. फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या १७ शाळांमधल्या लहान मुलांना उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी प्रत्येकी १२ पुस्तके दिली, आणि असे सलग तीन उन्हाळे केले. पुस्तके मुलांनीच निवडली आणि ती त्यांच्याकडेच राहिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या मुलांचे वाचन पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा सुधारले, आणि सर्वांत गरीब मुलांना सर्वांत जास्त लाभ झाला. मुलांना सुटीत शाळेत बसवले नव्हते, शिकवणीही लावली नव्हती. त्याच वर्षी मारिया इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २७ देशांची माहिती तपासून दाखवले की ज्या घरात पुस्तके आहेत त्या घरातली मुले जास्त वर्षे शिकतात, आईबाप फार शिकलेले नसले तरीही. हे शेवटचे वाक्य आपल्यासाठी आहे. आपल्यापैकी अनेकांचे वालिदैन फार शिकू शकले नाहीत. ते मागे जाऊन बदलता येणार नाही. घरात पुस्तक मात्र आजही आणता येते.

ओझरच्या वाटेवर

ओझर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कारखान्यात विमाने बनत आली आहेत, मिगपासून सुखोईपर्यंत. त्यामुळे देशाच्या नकाशावर गावाचे नाव आहे. या रस्त्याने एका बाजूला गेले की नाशिक, म्हणजे मराठी ग्रंथव्यवहाराचे मोठे केंद्र. दुसऱ्या बाजूला गेले की मालेगाव, म्हणजे महाराष्ट्रातल्या उर्दूचे धडधडते घर. डिसेंबर २०२१ मध्ये मालेगावला राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला, तेव्हा यंत्रमागावर काम करणारी कुटुंबे मुलाबाळांसह पुस्तके घ्यायला आली आणि विक्री कोटीच्या घरात गेली. गरिबाला पुस्तक नको असते, हा समज त्या मैदानात खोटा ठरला. पुस्तक जवळ आले, परवडणारे होते आणि मुलाला ते स्वतः निवडता आले की माणूस घेतो. दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेने २०१३ मध्ये काढलेले 'बच्चों की दुनिया' मासिक, नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके, २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सची छोटी सचित्र पुस्तके यांनी उर्दू आणि मराठी दोन्हीकडे स्वस्त पुस्तक शक्य करून दाखवले आहे. म्हणजे माल आहे, रस्ता आहे. दोन गावांच्या मधले आपले घर तेवढे उरते.

त्यासाठी नवे काही निर्माण करायला नको. आपल्या रीतींमध्येच जागा आहे. बिस्मिल्लाहच्या दिवशी कायद्याबरोबर चित्रांचे एक पुस्तक देता येईल. पहिल्या रोज्याच्या दिवशी, रोज़ा-कुशाईला, मुलाच्या गळ्यात हार घालतो आणि पैसे देतो. त्यात एक पुस्तक बसू शकते. ईदीच्या नोटांमध्ये मामूंनी एक कहाणी दिली तर ती नोटेनंतरही उरेल. वर्गातल्या शिक्षकांना म्हणेन, बक्षिसाचे पुस्तक पहिल्या नंबरासाठी राखून ठेवू नका. ज्याला वाचता येत नाही त्याला आधी द्या. गावात मशिदीची कमिटी आहे, तरुण मंडळे आहेत, बाहेरगावी नोकरी करणारे आहेत. सुटीपूर्वी वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक पुस्तक, आणि ते मुलाने निवडलेले, एवढे काम मोठे नाही. एक अट मात्र पाळावी. पुस्तकाच्या पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव छापू नये, संस्थेचा शिक्का मारू नये. ती जागा मुलासाठी कोरी ठेवावी. तिथे त्याने आपल्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, दोन्ही लिप्यांत आपले नाव लिहावे. ते लिहिताना मूल जीभ बाहेर काढून किती मन लावते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगावे लागत नाही.